जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि त्यांचे आकाश

पॅकार्ड म्हटले की जुन्या लोकांना आठवते ती मोटारगाडी. पण ज्यांच्या आडनावाने ती ओळखली गेली, त्यांचा जीव खिशातल्या घड्याळांत गुंतलेला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात वॉरन या गावी झाला. १८८४ साली ते लीहाय विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १८९० मध्ये थोरले बंधू विल्यम यांच्यासह त्यांनी विद्युत साहित्याचा कारखाना काढला. १८९८ साली घेतलेली विंटन मोटार वारंवार बंद पडू लागली, तेव्हा तक्रार घेऊन गेलेल्या पॅकार्डना मालकाने स्वतःच गाडी बनवून पाहण्याचे आव्हान दिले, असे सांगतात. हकीकत थोडी रंगविलेली असेल; पण ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पॅकार्डांची पहिली गाडी वॉरनच्या रस्त्यावर धावली, हे खरे.

घड्याळांच्या बाबतीतही त्यांची वृत्ती यंत्रज्ञाचीच राहिली. केवळ दुकानातले महागडे घड्याळ घेऊन त्यांचे समाधान होत नसे. काय हवे ते कळवून जिनिव्हाच्या पाटेक फिलिप आणि व्हाशेराँ या पेढ्यांकडून ते नवी घड्याळे करवून घेत. खटका दाबताच तास, पाव तास आणि मिनिटे टोल्यांनी सांगणारी, लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी आपणहून ओळखणारी, अशी ती घड्याळे. सारे खेळ चाकांचे आणि स्प्रिंगांचे. विजेचा संबंध नाही.

१९२७ साली पाटेक फिलिपने त्यांना दिलेले घड्याळ या सर्वांवर कडी करणारे होते. त्याच्या पाठीमागे निळ्या तबकडीवर ५०० सोनेरी तारे होते, आणि ते आकाश होते वॉरनचे. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळाही तिथल्याच. पंचांगातला सूर्योदय जसा गावागणिक बदलून घ्यावा लागतो, तसेच हे. दुसऱ्या गावी त्याचा तो भाग निरुपयोगी. सूर्याची वेळ आणि आपली घड्याळी वेळ यांत वर्षभरात कमी-अधिक होणारा, कधी १६ मिनिटांपर्यंत जाणारा फरकही ते दाखवी. दुसऱ्या एका घड्याळात त्यांनी गोदार या फ्रेंच संगीतकाराची अंगाई बसवून घेतली. ती त्यांच्या आईची आवडती होती.

ही घड्याळे हाती आली तेव्हा पॅकार्ड आजारी होते. २० मार्च १९२८ रोजी क्लीव्हलंड येथे ते वारले. न्यूयॉर्कचे धनिक हेन्री ग्रेव्ह्ज यांच्याशी त्यांची घड्याळांवरून मोठी चुरस होती, असे पुष्कळदा लिहिले जाते. ग्रेव्ह्ज यांचे २४ करामतींचे घड्याळ त्यांच्या हाती आले ते १९३३ साली. तोवर पॅकार्डना जाऊन जवळजवळ पाच वर्षे लोटली होती. तेव्हा या चुरशीच्या कथेवर कितपत विसंबावे हा प्रश्नच आहे.

आपल्या विद्यापीठाला मात्र ते विसरले नाहीत. प्रयोगशाळेसाठी त्यांनी दहा लक्ष डॉलर दिले. तिथे त्यांची पहिली मोटार ठेवलेली आहे. घड्याळे त्यांनी अमेरिकेतील घड्याळशास्त्राच्या संस्थेला दिली होती. १९८८ मध्ये त्यांतली काही पाटेक फिलिपने परत विकत घेतली, आणि वॉरनचे ते आकाश जिनिव्हाला गेले.