मॅट्रिकही न झालेले भाऊराव अन् गरिबाच्या पोरांची शाळा

शाळेत पोरगं मागं पडलं की ते ढ आहे, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या पोटात काही आहे का, घरी अभ्यासाला दिवा आहे का, हे कोण बघतो? कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधी तेच बघितलं.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. शिकायला कोल्हापूरला गेले, पण पुस्तकात मन रमलं नाही. मॅट्रिकपर्यंतही मजल गेली नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. शेतकऱ्याची पोरं शाळेऐवजी गुरांमागं जातात, हे त्यांनी जवळून पाहिलं.

गावात चौथीनंतर शाळा नाही, शहरात राहायला जागा नाही, खायला पैसा नाही. हुशार पोरगंही तिथंच थांबायचं. म्हणून १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहू, एकत्र जेवू लागली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव देण्यात आलं.

खर्चाची तोंडमिळवणी मात्र कधीच होत नव्हती. पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. एकदा धान्य संपलं, तेव्हा त्या माउलीनं मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या, पण भाऊरावांनी काम थांबवलं नाही.

फुकट देण्यापेक्षा पोरांच्या हाताला काम द्यावं, हा त्यांचा मार्ग. पोरं शेतात राबायची, दगड फोडायची अन् शिकायची. यालाच पुढे 'कमवा आणि शिका' हे नाव पडलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेही याच तत्त्वावर.

स्वातंत्र्यानंतर सरकारवर टीका केल्यामुळं संस्थेचं अनुदान बंद झालं. भाऊराव नमले नाहीत. ते लोकांकडं गेले, लोकांनी वर्गणी दिली. पुढं अनुदानही परत सुरू झालं.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं. संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याच्या सावलीत गरिबांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. निकालाचा कागद बघण्याआधी पोराचं ताट बघा, हेच त्यांच्या कामातून शिकायचं.