कर्मवीर भाऊराव आणि त्यांचे बोर्डिंग

आपल्या पनवेल शहरात महात्मा फुले महाविद्यालय आहे. ते 1970 साली सुरू झाले. आजूबाजूच्या गावांतील कितीतरी मुलेमुली तेथे शिकायला येतात. हे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. वाशीला गेलात तर तेथेही याच संस्थेचे महाविद्यालय दिसेल आणि त्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव दिलेले आढळेल.

'रयत' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत आपण रैयत म्हणतो, रिआया म्हणतो, तोच हा अरबी शब्द. मराठीत तो शेकडो वर्षांपूर्वीच येऊन रुळला. रयत म्हणजे सामान्य प्रजा, विशेषतः शेतात राबणारी माणसे. या माणसांच्या मुलांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या भाऊरावांची ही हकिकत आहे. त्यांनी शाळा पुष्कळ काढल्या. पण शाळेच्याही आधी त्यांनी मुलांना घर दिले. म्हणून या पाठात शाळेपेक्षा त्या घराविषयीच जास्त सांगायचे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. ते त्यांचे आजोळ. घराणे जैन, मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडिलांचे नाव पायगोंडा आणि आईचे नाव गंगाबाई. वडील सरकारी नोकरीत होते. लहानपणी भाऊराव अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने बंडखोर होते. कुस्ती आणि पोहणे यांत त्यांचे मन अधिक रमे. त्या काळी काही जातींच्या लोकांना अस्पृश्य मानत. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. तहानलेल्या माणसांना पाण्यासाठी ताटकळताना पाहून लहानग्या भाऊरावांनी विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकू लागले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये होती. बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. बाहेरगावच्या मुलांनी राहण्या-जेवण्याची जागा. अशातच अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आले. भाऊरावांनी साफ नकार दिला. माणसांच्या सभेला जाऊन आलेला माणूस अशुद्ध कसा होतो, हे त्यांना पटेना. तेव्हा त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले.

परक्या शहरात डोक्यावरचे छप्पर गेले. भाऊरावांचे नशीब एवढेच की, कोल्हापूरचे राजे छत्रपती शाहू महाराज यांनी त्यांना आपल्याकडे आश्रय दिला. सगळ्याच मुलांना असा राजा भेटत नाही. मला वाटते, ज्याला एकदा तरी निवारा गमवावा लागला आहे त्यालाच निवाऱ्याची किंमत कळते, आणि भाऊरावांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ या प्रसंगात असावे.

अभ्यासात मात्र ते पुढे नव्हते. याविषयी एक गंमतीची गोष्ट सांगतात. भाऊरावांना वरच्या वर्गात घालावे असे खुद्द महाराजांनी सुचवले. तेव्हा गणिताच्या मास्तरांनी उत्तर दिले की, भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक मी पुढच्या वर्गात ढकलीन. पण भाऊरावाला ढकलणार नाही! असे हे विद्यार्थी मॅट्रिक न होताच शाळेबाहेर पडले. ज्याने पुढे शेकडो शाळा काढल्या त्याची शाळेतली मजल एवढीच होती.

साताऱ्यात येऊन त्यांनी काही काळ शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. नंतर किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार होणारे लोखंडी नांगर विकण्याचे काम त्यांनी घेतले. या कामासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसले, त्यांची भाकरी खाल्ली, त्यांची दुःखे ऐकली. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शेतकऱ्याचा मुलगा हुशार असला तरी त्याचे शिक्षण गावातच संपते.

असे का होई, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी बहुतेक खेड्यांत शाळाच नसे. असली तर तीन-चार इयत्तांपुरती. हायस्कूल फक्त मोठ्या शहरात. तेथे जायचे तर राहायचे कोठे आणि जेवायचे काय? गरिबाला खोलीचे भाडे परवडत नसे. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या हातात पैसे असले तरी त्याला कोणी खोली देत नसे. त्यातच 1918 साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. महाराष्ट्रात असंख्य माणसे दगावली आणि कित्येक मुले यतीम झाली. यतीम मुलाला मराठीत अनाथ किंवा पोरका म्हणतात. अशा मुलाला शाळेची फी माफ केली म्हणून त्याचे शिक्षण होत नाही. संध्याकाळी पाटी-दप्तर घेऊन तो जाणार कोठे?

शाहू महाराजांनी हे आधीच ओळखले होते. त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढायला मदत केली. 1901 साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले. 1906 साली मुस्लिम मुलांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. हे काम फार मोठे होते. परंतु प्रत्येक समाजाचे बोर्डिंग वेगळे होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. सगळ्या जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहतील आणि एकाच पंगतीत जेवतील, असे त्यांनी ठरवले. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. त्या वेळी मात्र यामुळे नातेवाईक तुटत आणि गाव बहिष्कार घाली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली तिचे मुख्य ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे बोर्डिंग सुरू झाले. सुरुवातीला मुले थोडी होती. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशी सगळ्या समाजांची ती मुले होती. कोणाला वडील नव्हते, कोणाची जमीन सावकाराकडे गेली होती. पुढे हे बोर्डिंग साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत हलवण्यात आले.

बोर्डिंगमध्ये नोकरचाकर नव्हते. मुले पहाटे उठत. जात्यावर पीठ दळत, पाणी भरत, भांडी घासत. स्वयंपाकही पाळीपाळीने मुलेच करीत. त्यामुळे एका जातीच्या हातची भाकरी दुसऱ्या जातीच्या ताटात पडे. यासाठी भाऊरावांना वेगळे भाषण करावे लागले नाही. भूक लागली की मुले जेवत, आणि भाकरी कोणी भाजली हे विचारायला सवड कोणाला होती! सुट्टीच्या दिवशी मुले शेतात किंवा बांधकामावर काम करीत. आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या घामातून निघावा, असा भाऊरावांचा आग्रह होता. फुकट मिळालेल्या अन्नाने माणूस मिंधा होतो असे त्यांचे मत होते. हाच पुढे 'कमवा आणि शिका' या योजनेचा पाया ठरला.

पण मुलांच्या मजुरीवर एवढे मोठे घर चालणे शक्य नव्हते. भाऊराव गावोगाव जाऊन धान्य गोळा करीत. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने ज्वारी द्यावी, ज्याच्याकडे पोते नाही त्याने मूठभर द्यावी. रोज दळायला बसताना घरच्या बाईने एक मूठ धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचे, अशी ही रीत होती. तिला मुष्टिफंड म्हणत. श्रीमंतांच्या देणगीपेक्षा या मुठीचे मोल मला अधिक वाटते. या एका मुठीमुळे गावातल्या बायकांना साताऱ्याची ती पोरे आपलीच वाटू लागली.

आता लक्ष्मीबाईंविषयी सांगितले पाहिजे. त्यांच्याशिवाय ही हकिकत अपुरी राहील. लक्ष्मीबाई या भाऊरावांच्या पत्नी. त्या सुखवस्तू घरातून आल्या होत्या. जुन्या चालीरीती आणि सोवळे-ओवळे पाळणाऱ्या वातावरणात त्या वाढल्या होत्या. त्यांच्या घरात भाऊरावांनी सगळ्या जातींची मुले आणून ठेवली. सुरुवातीला त्यांच्या मनाला किती जड गेले असेल, याची कल्पना करा. पण आजारी मुलाच्या उशाशी बसताना जात आठवत नाही. हळूहळू त्या सगळ्याच मुलांच्या आई झाल्या.

भाऊराव सतत दौऱ्यावर असत. मागे कोठीतले धान्य संपले की त्याची चिंता लक्ष्मीबाईंना करावी लागे. त्यांनी माहेरहून आणलेले दागिने एकेक करून विकले किंवा गहाण ठेवले. शेवटी अंगावर फक्त मंगळसूत्र उरले. मंगळसूत्र हे हिंदू आणि जैन स्त्रीच्या सौभाग्याचे चिन्ह असते. पती हयात असताना ती ते गळ्यातून काढत नाही. एकदा मुलांच्या जेवणाची काहीच सोय उरली नाही. भाऊराव बाहेरगावी होते. लक्ष्मीबाईंनी तेही मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशांचे धान्य आणवले. त्या दिवशी मुले पोटभर जेवली.

लक्ष्मीबाई 1930 साली वारल्या. बोर्डिंगचा वटवृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आज रयत शिक्षण संस्थेत त्यांना रयतमाउली म्हणतात. भाऊरावांचे नाव शाळांच्या पाट्यांवर जितके ठळक असते तितके लक्ष्मीबाईंचे नसते, ही गोष्ट मला नेहमी खटकते.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्याला या बोर्डिंगमध्ये आले. सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याच हस्ते बोर्डिंगला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. ज्या राजाने एकेकाळी भाऊरावांना आसरा दिला, त्याचे नाव भाऊरावांनी आपल्या बोर्डिंगला दिले. 1932 साली गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढले.

त्यानंतर कामाचा व्याप वेगाने वाढला. खेड्यांतील शाळांना शिक्षक हवेत, म्हणून 1935 साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुलांनी काम करायचे, राहायचे आणि फी न देता शिकायचे. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 1955 साली हायस्कूलच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. त्याला भाऊरावांनी मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव दिले. मौलाना त्या वेळी देशाचे शिक्षणमंत्री होते. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. वडाला पारंब्या फुटतात, त्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच पुढे खोड बनते.

लोकांनी भाऊरावांना प्रेमाने कर्मवीर ही पदवी दिली. कर्मवीर म्हणजे बोलण्यापेक्षा करून दाखवणारा. मुले मात्र त्यांना अण्णा म्हणत. अंगावर खादीचे जाडेभरडे कपडे आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी, असे त्यांचे रूप होते. स्वभाव तापट होता. चुकलेल्या मुलाला ते रागावत, प्रसंगी हातही उगारत. पण रात्री झोपलेल्या मुलांच्या अंगावर पांघरूण आहे की नाही हे पाहायला तेच येत.

1959 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेला हा मान होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

बोर्डिंगमध्ये वाढलेली मुले पुढे शिक्षक झाली, वकील झाली, शेतकरी झाली. त्यांपैकी एक होते पी. जी. पाटील. गरीब घरातला हा हुशार मुलगा शाहू बोर्डिंगमध्ये राहून शिकला. पुढे तो विलायतेला गेला आणि बॅरिस्टर होऊन परत आला. मोठ्या शहरात वकिली करून त्याला भरपूर पैसा मिळवता आला असता. पण पी. जी. पाटील साताऱ्याला आले आणि रयत शिक्षण संस्थेच्या कामाला लागले. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. ज्या कोल्हापुरात भाऊरावांचे बिऱ्हाड एके दिवशी बोर्डिंगबाहेर काढले गेले होते, त्याच कोल्हापुरात हे विद्यापीठ आहे.