विश्लेषण : पोलिसांऐवजी वस्त्यांवर खर्च करा... शिकागोतील या मागणीमागे फ्रेड हॅम्प्टन यांचे नाव का घेतले जाते?

अमेरिकेत मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे पोलीस कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पोलिसांचा निधी कमी करून तो शाळा, आरोग्य आणि घरांसाठी द्यावा, ही मागणी अनेक शहरांत जोर धरू लागली. शिकागोत ती त्याआधीपासूनच सुरू होती. तेथील आंदोलनांत फ्रेड हॅम्प्टन हे नाव आजही घेतले जाते. २१ व्या वर्षी पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेलेला हा तरुण कोण होता आणि त्याच्या कामाचा आजच्या मागणीशी काय संबंध, याविषयी...

फ्रेड हॅम्प्टन कोण होते?

हॅम्प्टन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९४८ चा. आईवडील लुइझियाना राज्यातून कामाच्या शोधात शिकागो परिसरात आलेले. हॅम्प्टन मेवूड या उपनगरात वाढले. शाळकरी वयातच ते एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या युवा शाखेचे नेते झाले आणि शाखेची सदस्यसंख्या त्यांनी सुमारे ५०० पर्यंत नेली. परिसरातील कृष्णवर्णीय मुलांना पोहण्यासाठी तलाव नव्हता आणि शेजारच्या गोऱ्यांच्या वस्तीतील तलावात त्यांना प्रवेश नव्हता. मेवूडमध्ये सर्वांसाठी तलाव बांधा, या मागणीसाठी हॅम्प्टन यांनी मोर्चे काढले. सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न त्यांच्या कामात असा सुरुवातीपासूनच होता. पुढे मेवूडमध्ये तलाव झाला आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

ब्लॅक पँथर पक्षात त्यांनी काय केले?

ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. मराठी वाचकांना पँथर हे नाव परके नाही. याच पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. हॅम्प्टन १९६८ मध्ये या पक्षाच्या इलिनॉय शाखेत आले आणि लवकरच तिचे अध्यक्ष झाले. एप्रिल १९६९ मध्ये शाखेने शिकागोच्या पश्चिम भागात शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला. यासाठी सरकारी पैसा नव्हता. देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर काम चाले. मोफत दवाखान्याची तयारीही त्यांच्याच काळात झाली. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत तो उघडला. पोलिसांवर वस्तीतील लोकांचे नियंत्रण असावे, यासाठीही हॅम्प्टन यांनी मोहीम चालवली.

त्यांचे आणखी एक महत्त्वाचे काम म्हणजे १९६९ मधील ‘रेनबो कोअलिशन’. पोर्तो रिकन तरुणांची ‘यंग लॉर्ड्स’ आणि दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांची ‘यंग पेट्रिअट्स’ या संघटनांना त्यांनी सोबत घेतले. भाडे, आरोग्य आणि पोलिसांचा त्रास हे तिघांचेही प्रश्न होते.

४ डिसेंबर १९६९ रोजी काय घडले?

पँथर सदस्य शस्त्रे बाळगत. नोव्हेंबर १९६९ मध्ये शिकागोत झालेल्या चकमकीत दोन पोलीस आणि एक पँथर सदस्य ठार झाले होते. दुसरीकडे, एफबीआयने संघटनेत आपला खबऱ्या पेरला होता. विल्यम ओनील हा शाखेचा सुरक्षाप्रमुखच एफबीआयसाठी काम करत होता. हॅम्प्टन यांच्या घराचा नकाशा त्याने पुरवला. नंतर त्याला ३०० डॉलरचा बोनस मिळाला.

४ डिसेंबरच्या पहाटे काउंटीचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान यांच्या कार्यालयाशी संलग्न १४ पोलिसांनी बेकायदा शस्त्रांच्या शोधासाठी या घरावर छापा टाकला. हॅम्प्टन बिछान्यातच होते. शेजारी त्यांची गर्भवती जोडीदार होती. हॅम्प्टन आणि २२ वर्षांचे मार्क क्लार्क ठार झाले, तर चार जण जखमी झाले. ही चकमक होती, असा पोलिसांचा दावा होता. मात्र फेडरल ग्रँड ज्युरीच्या तपासात पोलिसांनी ८० हून अधिक गोळ्या झाडल्याचे, तर पँथर सदस्यांकडून फक्त एकच गोळी सुटल्याचे दिसून आले. छाप्यानंतर पोलिसांनी घर बंद केले नव्हते. त्यामुळे हजारो नागरिकांनी आत जाऊन गोळ्यांच्या खुणा स्वतः पाहिल्या.

न्याय मिळाला का?

वाचलेल्यांवरील खटले मागे घेण्यात आले. न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपातून हॅनरहान १९७२ मध्ये निर्दोष सुटले, पण त्याच वर्षी निवडणूक हरले. मृतांचे नातेवाईक आणि वाचलेले सदस्य यांचा दिवाणी दावा १२ वर्षे चालला. अखेर १९८२ मध्ये १८.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ही रक्कम केंद्र सरकार, कुक काउंटी आणि शिकागो शहर यांनी समान वाटून घेतली. म्हणजे सुमारे ६ लाख १७ हजार डॉलर शहराच्या तिजोरीतून गेले. मुलांचा नाश्ता मात्र देणग्यांवर चालला होता. पुढे १९७५ मध्ये शाळांतील नाश्त्याची केंद्रीय योजना कायमस्वरूपी झाली. त्यामागे इतरही कारणे होती, पण पँथर पक्षाच्या उपक्रमाने या गरजेकडे देशाचे लक्ष वेधले होते.

आजच्या मागणीशी संबंध काय?

हॅम्प्टन यांनी पोलिसांच्या अर्थसंकल्पात कपातीची मोहीम थेट चालवली नव्हती. सुरक्षितता म्हणजे केवळ गस्त नव्हे, अन्न आणि औषधही, हा विचार मात्र त्यांच्या कामात होता. शिकागोत २०१२ मध्ये महापालिकेच्या १२ पैकी सहा मानसिक आरोग्य केंद्रांना टाळे लागले. पुढे पश्चिम भागातच ९.५ कोटी डॉलर खर्चून पोलीस प्रशिक्षण केंद्र उभारण्याचे ठरले, तेव्हा २०१७ पासून तरुणांनी ‘नो कॉप अकॅडमी’ मोहीम उभारली. हा पैसा शाळा आणि दवाखान्यांना द्या, अशी त्यांची मागणी होती. नगर परिषदेने मार्च २०१९ मध्ये केंद्राला मंजुरी दिली आणि मोहीम हरली. गुन्हेगारी जास्त असलेल्या शहरात पोलिसांवरील खर्च कमी करणे धोक्याचे ठरेल, असे विरोधकांचे म्हणणे आजही आहे.

पण मागणी संपली नाही. मानसिक आजाराच्या तातडीच्या प्रसंगी पोलिसांऐवजी आरोग्य कर्मचारी पाठवा आणि बंद केंद्रे उघडा, या ‘ट्रीटमेंट नॉट ट्रॉमा’ मोहिमेला २०२२ मध्ये तीन प्रभागांतील मतदारांनी सल्लात्मक मतदानात मोठा पाठिंबा दिला. २०२३ मध्ये निवडून आलेले महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी तिचे समर्थन केले होते. त्यांच्या कारकिर्दीत बंद केंद्रे पुन्हा उघडण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरातील २२ पोलीस विभागांसाठी नागरिकांच्या परिषदाही प्रथमच निवडून आल्या. पोलिसांवर लोकांचे नियंत्रण हवे, या जुन्या मागणीचा हा छोटा भाग म्हणता येईल. पैशांचा निर्णय मात्र अजूनही महापौर आणि नगर परिषद यांच्याच हातात आहे.