सावकाराला वगळून धान्याची बँक काढणारे भाई कोतवाल, आणि आज मोबाईलवर मिळणारं 'सावकाराशिवायचं कर्ज'

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात माणसं जमतात. कुणी कर्जतहून येतं, कुणी माथेरान-नेरळहून, कुणी आसपासच्या वाड्यापाड्यांतून. १९४३ साली याच दिवशी इथं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन क्रांतिकारक इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना शहीद झाले.

भाई कोतवाल म्हटलं की लोकांना आठवतात ते विजेचे मनोरे पाडून मुंबईची वीज तोडणारे क्रांतिकारक. पण त्याच्या आधी त्यांनी आणखी एक लढाई लढली होती, कर्जाची. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आज मोबाईल उघडला की 'बँक नाही, मधला माणूस नाही, पैसे ठेवा आणि घसघशीत व्याज घ्या' अशा रील्स समोर येतात. विषय असतो डिफायचा, म्हणजे क्रिप्टोमधल्या विकेंद्रित कर्जव्यवहाराचा. मधला माणूस काढून टाकायचा ही कल्पना नवीन वाटते, पण माथेरानच्या एका तरुण वकिलाने ती ८० वर्षांपूर्वीच भाताच्या कणग्यांवर करून दाखवली होती.

माथेरानचा विठ्ठल

त्यांचं पूर्ण नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानमध्ये, एका गरीब नाभिक कुटुंबात. माथेरान तेव्हाही साहेब लोकांचं थंड हवेचं ठिकाण होतं. वर डोंगरावर बंगले, आणि खाली कर्जत तालुक्यात भातशेती करणारी कुळं, ठाकर आणि कातकरी वाड्या. दोन्ही जगांत अंतर काही मैलांचंच.

प्राथमिक शिक्षण माथेरानला झालं, पुढचं शिकायला विठ्ठल पुण्याला गेले. पुढे त्यांनी वकिलीची पदवी घेतली. त्या काळात अशा घरातला मुलगा वकील होणं ही मोठी गोष्ट होती. शहरात बसून पैसा कमावता आला असता. त्यांनी मात्र कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यांमध्ये काम करायचं ठरवलं. माथेरान नगरपालिकेचे ते उपनगराध्यक्षही झाले. लोक त्यांना 'भाई' म्हणू लागले.

शेतकरी आणि आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी तालुक्यात शाळा सुरू केल्या. या शाळांची संख्या ४२ सांगितली जाते. सही करता येत नाही, हिशोब वाचता येत नाही, म्हणून माणूस कागदावर अंगठा उठवतो आणि जमीन गमावतो, हे वकिलाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

सावकाराचं गणित

कोकणपट्टीतल्या भातशेतीचं चक्र सरळ आहे. जूनमध्ये पेरणी, मग लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी. घरातलं धान्य संपतं ते नेमकं पावसाळ्यात, शेतात सगळ्यात जास्त राबायचं असतं तेव्हा. अशा वेळी पोट भरायला घेतलेल्या कर्जाला 'खावटी' म्हणतात.

खावटी मिळायची सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे, आणि बऱ्याचदा तो एकच माणूस असायचा. परतफेड धान्यातच. 'सवाई' म्हणजे घेतलं त्याच्या सव्वापट परत द्यायचं, 'दिढी' म्हणजे दीडपट.

समजा, आषाढात ४ मण भात दिढीने घेतलं. चार-पाच महिन्यांत ६ मण परत द्यायचं. पीक बुडालं आणि तेच कर्ज पुढच्या वर्षावर गेलं, की ९ मण. तिसऱ्या वर्षी साडेतेरा. त्यात खंड वेगळा. कापणी झाली की खळ्यावरूनच धान्य सावकाराकडे जायचं आणि पुढच्या आषाढात तेच धान्य पुन्हा उसनं घ्यायला लागायचं.

हे दुखणं एकट्या कर्जतचं नव्हतं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांची होळी केली होती. भाईंच्या काळात कर्जत कुलाबा जिल्ह्यात होतं आणि याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावातून १९३३ मध्ये खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो सहा वर्षं चालला.

कोतवालांची धान्य कोठी

भाई कोतवालांनी यावर काढलेला उपाय म्हणजे धान्य कोठी, म्हणजेच धान्याची बँक.

धान्य बँकेचं साधारण गणित असं असतं. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने थोडं थोडं धान्य एका सामायिक कोठीत जमा करायचं. पावसाळ्यात ज्याला गरज असेल त्याने तिथून उसनं न्यायचं. पीक आलं की घेतलेलं धान्य आणि वर थोडी वाढ परत करायची. ती वाढ सावकाराच्या घरी जात नाही, कोठीतच राहते. त्यामुळे पुढच्या वर्षी कोठी आणखी भरलेली असते.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, कर्ज घेणाऱ्याकडे तारण ठेवायला काहीच नसलं तरी त्याला धान्य मिळतं, कारण गाव त्याला ओळखतं. दुसरी, व्याज कुठून येणार हे सगळ्यांना माहीत असतं: शेतातल्या पिकातून.

धोका अशा कोठीलाही असतो. उंदीर लागतात, धान्याला ओल येते, हिशोब ठेवणारा चुकतो. सगळ्यात मोठा धोका म्हणजे दुष्काळ. त्या वर्षी सगळ्यांनाच एकदम धान्य हवं असतं आणि भरायला कुणीच येत नाही.

तीच कल्पना, पण कोडवर चालणारी

आता डिफायमध्ये काय होतं ते बघू. आवे किंवा कंपाउंडसारख्या प्लॅटफॉर्मवर लोक आपली क्रिप्टो एका सामायिक साठ्यात ठेवतात. त्या बदल्यात पावतीसारखं एक टोकन मिळतं आणि त्यावर व्याज चढत जातं. दुसरे लोक त्याच साठ्यातून कर्ज घेतात. बँक नाही, मॅनेजर नाही, सगळं कोड बघतो. कोठी म्हणतात ती हीच.

फरक तारणापासून सुरू होतो. इथं कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून कर्ज हवं असेल तर कर्जापेक्षा जास्त किमतीची क्रिप्टो आधी तारण ठेवावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे काही नाही, त्याला इथं कर्ज नाही. बहुतेक कर्ज उचलतात ते ट्रेडिंग करणारे. तारणाची किंमत ठरलेल्या पातळीखाली घसरली की ते आपोआप विकलं जातं आणि वर दंड लागतो. सावकाराच्या ओटीवर जाऊन निदान चार दिवसांची मुदत मागता यायची. कोडला ओटीच नाही.

पैसे ठेवणाऱ्याचे धोके वेगळे आहेत.

कोडमध्ये चूक असेल तर कोठीच फुटते. मार्च २०२३ मध्ये ऑयलर नावाच्या प्लॅटफॉर्मवरून जवळपास २० कोटी डॉलरची क्रिप्टो काही मिनिटांत काढून घेतली गेली. त्यातली बरीचशी हल्लेखोराने नंतर परत केली, पण ती त्याची मर्जी होती.

दुसरा धोका दुष्काळासारखा. साठ्यातली जवळपास सगळी रक्कम कर्जाऊ गेली असेल, तर पावती हातात असूनही पैसे काढता येत नाहीत. बाजार कोसळतो तेव्हा सगळे एकदमच दाराशी येतात.

तिसरा धोका, व्याज नेमकं कुठून येतंय हे न कळणं. अँकर नावाचा प्लॅटफॉर्म टेरायूएसडी या नाण्यावर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज देत होता. कर्जदारांकडून येणाऱ्या पैशात ते भागत नव्हतं, म्हणून राखीव निधीतून भर घातली जात होती. एका डॉलरची किंमत टिकवेल असं सांगितलं गेलेलं ते नाणं मे २०२२ मध्ये कोसळलं आणि २० टक्क्यांच्या आशेने ठेवलेली मुद्दलच गेली.

चौथी गोष्ट, जी रील्समध्ये हमखास गाळली जाते. साठ्यात पैसे ठेवल्याची पावती आणि त्या प्लॅटफॉर्मचं स्वतःचं टोकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंडचं कॉम्प टोकन मे २०२१ मध्ये ८५० डॉलरच्या वर होतं. जून २०२२ मध्ये ते ३० डॉलरच्या आसपास आलं. हे टोकन विकत घेणं म्हणजे कोठीत धान्य ठेवणं नव्हे. ती कोठीच्या लोकप्रियतेवर लावलेली पैज आहे.

भारतात बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. इथं ते नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागतो आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

कोठीपासून सिद्धगडापर्यंत

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला. मोठे नेते लगेच पकडले गेले. भाई कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. त्यात होते ते याच भागातले शेतकरी, आदिवासी आणि तरुण. कोठ्या आणि शाळांच्या कामातून जोडलेला विश्वास आता दुसऱ्या कामाला आला. जंगलात लपायला जागा आणि खायला भाकरी तीच माणसं देत होती.

भिवपुरी आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांतली वीज याच डोंगरांवरून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला जायची. दस्त्याने ती वाहून नेणारे लोखंडी मनोरे करवतीने कापायला सुरुवात केली. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात असे ११ मनोरे पाडल्याची नोंद आहे. गिरण्या आणि रेल्वे अडखळल्या, सरकार हादरलं आणि कोतवालांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं गेलं.

पाठलाग वाढला तसा दस्ता कर्जतच्या डोंगरांतून सरकत सिद्धगडाच्या दाट जंगलात आला. पण ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोहोचलाच. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठलं. गोळीबारात मानिवलीचे हिराजी पाटील आणि भाई कोतवाल शहीद झाले. भाईंना तिशी ओलांडून जेमतेम महिना झाला होता.

मागे काय राहिलं?

सावकारांना परवाना घ्यायला लावणारा मुंबई सावकारी कायदा १९४६चा. कुळांना जमिनीवर हक्क देणारा कूळकायदा आला १९४८ मध्ये. भाई यातलं काहीच बघू शकले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्यावर 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं. सिद्धगडच्या जंगलात त्यांचं आणि हिराजी पाटलांचं स्मारक आहे.

धान्य कोठीत मण-दोन मण भात टाकणाऱ्या शेतकऱ्याला तीन गोष्टी माहीत असायच्या: माझं धान्य कोण नेतंय, ते वाढून कशातून परत येणार आणि गडबड झाली तर कुणाला जाब विचारायचा. मोबाईलवरच्या कुठल्याही लेंडिंग टोकनमध्ये पैसे टाकण्याआधी हेच तीन प्रश्न विचारून बघा. एकाचंही उत्तर सापडत नसेल, तर ते पैसे सध्या आहेत तिथंच राहू द्या.