सर लेस्ली विल्सन आणि त्यांच्या नांवाचें इंजिन

मलकापूर, नांदुरा, जलंब किंवा शेगांव यांपैकीं एखाद्या स्टेशनावर उभें राहून मुंबईकडे जाणारी गाडी ज्यानें डोळे भरून पाहिली नाहीं, असा मुलगा आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत विरळाच. जलंबहून खामगांवास जाणारा फांटा १८७० सालीं सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठीं. तेव्हांपासून आपल्या शेतांतील कापूस गांठींत बांधला जाऊन पिढ्यान् पिढ्या याच वाटेनें मुंबई बंदरास गेला. परंतु ही मालगाडी सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीस पोंचल्यावर पुढचा थळ घाट कशी उतरत असे, हें फारच थोड्यांस ठाऊक असेल. १९३० च्या सुमारापासून पुढें कित्येक वर्षें वाफेचें इंजिन इगतपुरीस सोडलें जाई आणि त्याच्या जागीं विजेचें इंजिन जोडलें जाई. त्या जातीच्या इंजिनांपैकीं एकाच्या अंगावर एका माणसाचें नांव होतें. तें नांव म्हणजे सर लेस्ली विल्सन. हे गृहस्थ कोण, त्यांचें नांव इंजिनास कां मिळालें, आणि तो मान त्यांस कितपत शोभला, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

लेस्ली ऑर्म विल्सन यांचा जन्म १ ऑगस्ट १८७६ रोजीं लंडन येथें झाला. तेथील सेंट पॉल या प्रसिद्ध शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. एकोणिसाव्या वर्षीं, म्हणजे १८९५ सालीं, ते आरमाराच्या पायदळांत दाखल झाले. दक्षिण आफ्रिकेंत बोअर लोकांशीं जें युद्ध झालें त्यांत त्यांना जखमा झाल्या आणि शौर्याबद्दल पदकही मिळालें. पुढें १९०३ पासून १९०९ पर्यंत ते ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या गव्हर्नरांचे सहायक होते. राज्यकारभार जवळून पाहण्याची त्यांची ही पहिली शाळा. याच मुक्कामांत त्यांचा सिडनी येथील एका कुटुंबाशीं संबंध जुळला आणि १९०९ सालीं विनिफ्रेड स्मिथ यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

१९१३ सालीं रेडिंग शहरानें त्यांना पार्लमेंटांत निवडून दिलें. दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें, तेव्हां विल्सन यांनीं सभागृहाचें बांक सोडून रणांगणाची वाट धरली. आरमारी सैनिकांच्या एका पलटणीचें नेतृत्व त्यांनीं गॅलिपोली येथें व नंतर फ्रान्समध्यें केलें. १९१६ सालीं ते अत्यंत जबर जखमी झाले. युद्ध संपल्यावर जहाजवाहतुकीच्या खात्यांत त्यांनीं काम केलें, आणि १९२१ ते १९२३ या काळांत ते आपल्या पक्षाचे मुख्य प्रतोद होते. १९२२ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्या पक्षांत फूट पडण्याची वेळ आली, तेव्हां पक्षाच्या पुढाऱ्यांचें मत चुकीचें आहे असें वाटल्यामुळें त्यांनीं तें भरसभेंत बोलून दाखविलें. वरिष्ठांपुढें मान डोलावणारे पुष्कळ असतात; त्यांच्यापैकीं ते नव्हते, एवढें यावरून दिसतें.

असा हा शिपाईबाण्याचा गृहस्थ १९२३ च्या डिसेंबरांत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून येथें आला. आमचा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांत मोडत असल्यामुळें त्याच्यावर त्यांचा अंमल नव्हता. तरी आमच्या कापसाची वाट त्यांच्याच इलाख्यांतून जात होती, आणि त्या वाटेवर त्यांच्या कारकीर्दींत मोठी क्रांति झाली.

३ फेब्रुवारी १९२५ हा दिवस हिंदुस्थानच्या रेल्वेच्या इतिहासांत कायम राहील. त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्टेशनापासून कुर्ल्यापर्यंत, बंदराच्या बाजूनें जाणाऱ्या रुळांवर, देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिचा उद्घाटनसमारंभ सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें झाला. रुळांच्या वर ताणलेल्या तारेंतून १५०० व्होल्ट दाबाचा प्रवाह गाडींतील मोटरींना मिळत होता. धूर नाहीं, कोळसा नाहीं, वाफ नाहीं. तरी गाडी चालते, हें पाहून लोकांस किती नवल वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ही योजना विल्सन यांच्या डोक्यांतून निघालेली नव्हती. तिचा विचार ते येथें येण्यापूर्वींच सुरू झाला होता. मुंबईच्या उपनगरांत वाढणारी गर्दी, आणि बोरघाट व थळ घाट यांतील कठीण चढ, हीं त्याचीं दोन कारणें. या घाटांत ३७ फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें, असा रुळांचा चढ आहे. असा चढ जड गाडी घेऊन चढतांना वाफेचें इंजिन जेरीस येई. त्यासाठीं जी. आय. पी. रेल्वेनें मर्झ आणि मॅक्लेलन या तज्ज्ञ इंजिनीयरांचा सल्ला घेतला, कल्याणजवळ चोळा येथें स्वतःचें वीजघर उभारलें, आणि घाटांतून तारा नेल्या. १९२९ सालीं विजेची गाडी पुण्यास पोंचली, आणि लवकरच इगतपुरीपर्यंतही तारा गेल्या. बोरघाटांत गाडीस उलट तोंडानें चढावयास लावणारें जुनें वळणस्थान होतें, तेंही १९२९ सालीं बंद झालें. ज्यांनीं खडक फोडले, खांब रोवले आणि तारा ओढल्या, त्या हजारों हातांचीं नांवें कोणत्याही पाटीवर नाहींत.

घाटांतील मालगाड्यांसाठीं १९२८ च्या सुमारास जीं इंजिनें येऊं लागलीं, त्या वर्गास रेल्वेनें ई. एफ. १ असें नांव दिलें. पुढें हीच जात डब्ल्यू. सी. जी. १ म्हणून ओळखली गेली. एकंदर ४१ इंजिनें तयार झालीं. पहिलीं १० स्वित्झर्लंडांतील विंटरथुर येथील कारखान्यांत आणि उरलेलीं ३१ इंग्लंडांतील व्हल्कन फाउंड्रींत घडलीं. विजेचीं यंत्रें मेट्रोपोलिटन-व्हिकर्स या कंपनीचीं होतीं. प्रत्येक इंजिनाची शक्ति सुमारें २६०० घोड्यांची, वजन सव्वाशें टनांच्या घरांत, आणि वेग ताशीं ५० मैलांपर्यंत. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत अशाच बांध्याचीं इंजिनें आधीं चालत होतीं, तेव्हां आमच्या सह्याद्रीस लागणारें शहाणपण आल्प्स पर्वतांतून आलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या इंजिनाचें रूप चमत्कारिक होतें. मधला भाग उंच, आणि दोन्ही टोकांस पुढें आलेलीं ठेंगणीं नाकें. खालीं तीन तीन चाकजोड्यांचे दोन गाडे, आणि त्या चाकांना एकत्र बांधणारे लोखंडी दांडे. मोटरीचा जोर थेट चाकांना न जातां या दांड्यांतून जाई. त्यामुळें सर्व चाकें एकदम रूळ पकडत आणि चढावर एखादें चाक एकटेंच घसरण्याची भीति कमी होई. उतारावर तर याहून मोठी मौज होती. गाडी आपल्याच वजनानें खालीं येऊं लागली म्हणजे मोटरी उलट वीज निर्माण करीत आणि ती वीज तारेंत परत जाई. यामुळें गाडीचा वेग आंवरला जाई, ब्रेक झिजत नसत, आणि त्याच वेळीं घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस त्या विजेचा उपयोग होई. म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील कापूस थळ घाट उतरतां उतरतां दुसऱ्याची गाडी वर चढविण्यास हातभार लावी!

या इंजिनांपैकीं एकास सर लेस्ली विल्सन यांचें नांव मिळालें. परंतु रेल्वेच्या कामगारांनीं या साऱ्या जातीस दुसरेंच नांव ठेविलें. इंजिन उभें असतां त्यांतून कण्हल्यासारखा आवाज येई, आणि चालूं लागलें म्हणजे दांड्यांची सळसळ होई. तो आवाज आणि तें रूप पाहून त्यांनीं त्यास खेकडा म्हटलें. पाटीवर गव्हर्नरसाहेब आणि तोंडीं खेकडा! यांत कोणाचा अपमान नव्हता. रोज ज्याच्याशीं काम पडतें त्यास माणूस आपल्या भाषेंतील नांव देतो, इतकेंच.

आतां पुन्हा विल्सन यांच्या कारकीर्दीकडे वळूं. १९२६ सालीं प्रवरा नदीवरील भंडारदरा येथील धरणाचा उद्घाटनसमारंभ त्यांच्या हस्तें झाला. हें धरण विल्सन यांच्याच नांवानें ओळखलें जातें आणि त्याच्या पाण्यानें नगर जिल्ह्यांतील कितीतरी जमीन ओलिताखालीं आली. १९२८ च्या जून महिन्यांत पुणें येथें शिल्पकार करमरकर यांनीं घडविलेल्या श्रीशिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरणही त्यांनींच केलें. ज्या जिजाऊंचें माहेर आपल्या जिल्ह्यांतील सिंदखेड, त्यांच्या पुत्राचा हा पुतळा. म्हणून हा प्रसंग आम्हांस विशेष जवळचा वाटतो.

परंतु ज्या दिवसांत पुण्यास हा समारंभ झाला, त्याच दिवसांत सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्यांत शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गुरें जप्त होत होतीं. सरकारनें त्या तालुक्याचा शेतसारा सुमारें २२ टक्क्यांनीं वाढविला होता. शेतकऱ्यांनीं निष्पक्ष चौकशी मागितली. ती मिळेना, तेव्हां १२ फेब्रुवारी १९२८ पासून वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं सारा भरण्याचें नाकारलें. त्या वेळीं सरकार म्हणजे सर लेस्ली विल्सन यांचेंच सरकार होतें. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये अशी सक्त ताकीद आपल्या लोकांस देणाऱ्या राजाचा पुतळा उघडावयाचा, आणि त्याच महिन्यांत रयतेच्या दारचीं जनावरें हाकून न्यावयाचीं, ही विसंगति लपविण्याचें आम्हांस कारण नाहीं. ज्याच्या नांवानें धरण आहे व इंजिन आहे, त्याच्या कारकीर्दींत हेंही घडलें.

जुलै महिन्यांत विल्सन स्वतः सुरतेस गेले आणि वल्लभभाईंस भेटले. भेटींतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. उलट त्यानंतर कौन्सिलांत त्यांनीं कठोर भाषण करून सरकारच्या साऱ्या बळाची जाणीव दिली. शिपाईगडी आतां मागें हटणार नाहीं असेंच सर्वांस वाटलें असेल. परंतु सर चुनीलाल मेहता यांच्या मध्यस्थीनें बोलणें चालूं राहिलें, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत तडजोड झाली. सरकारनें चौकशी मान्य केली. बंदिवान सुटले, जमिनी परत मिळाल्या, आणि कामावरून गेलेले तलाठी पुन्हा कामावर आले. पुढें ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून चौकशी केली, तेव्हां २२ टक्क्यांऐवजीं सहा टक्क्यांच्या आसपास वाढच योग्य होती असें ठरलें. शेतकऱ्यांचें म्हणणें खरें होतें, हें सरकारी अधिकाऱ्यांच्याच लेखणीनें सिद्ध झालें.

या प्रकरणाचें मुख्य श्रेय बारडोलीच्या स्त्रीपुरुषांचें आणि वल्लभभाईंचें, यांत संशय नाहीं. परंतु हातीं सत्ता व सैन्य असतां, चार दिवसांपूर्वीं उच्चारलेला कठोर शब्द मागें घेऊन चौकशीस मान्यता देणें, हेंही सोपें नसतें. बोअर युद्धांत विल्सन यांना पदक मिळालें. या माघारीबद्दल कोणी पदक दिलें नाहीं. आम्हांस मात्र त्यांच्या येथील पांच वर्षांत हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो, कारण या क्षणीं त्यांना शत्रूवर नव्हे तर स्वतःच्या अभिमानावर जय मिळवावा लागला. उतारावर आपला जोर आंवरून तो दुसऱ्याच्या उपयोगीं पाडणें इंजिनास यंत्रामुळें साधतें. माणसास तें मनानें साधावें लागतें, आणि तेंही बहुधा उशिराच साधतें.

१९२८ च्या डिसेंबरांत त्यांनीं मुंबई सोडली. पुढें १९३२ पासून १९४६ पर्यंत ते ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताचे गव्हर्नर होते. तेथें इतका दीर्घ काळ हें पद दुसऱ्या कोणीं भूषविलेलें नाहीं. १९४० सालीं ब्रिस्बेन येथील प्रसिद्ध स्टोरी पूल त्यांनींच वाहतुकीस खुला केला. २९ सप्टेंबर १९५५ रोजीं इंग्लंडांत त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या नांवाचें इंजिन त्यांच्याहून दीर्घायुषी ठरलें. नवीं इंजिनें आल्यावर खेकडे घाटांतून निवृत्त झाले, तरी मुंबईच्या यार्डांत डबे हलविण्याचें काम त्यांतील कांहीं इंजिनें विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत करीत होतीं. १५०० व्होल्टची ती पद्धतही आतां गेली असून तिच्या जागीं २५,००० व्होल्टचा प्रवाह आला आहे. सर लेस्ली विल्सन हें इंजिन मात्र मोडींत न काढतां जपून ठेविलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस कधीं तें पाहण्याचा योग आला तर त्यावरील नांव अवश्य वाचा. पण तेवढ्यावर थांबूं नका. त्या नांवाच्या मागें विंटरथुरचे कारागीर, घाटांत तारा ओढणारे मजूर, खेकडा हें नांव ठेवणारे ड्रायव्हर आणि बारडोलीचे शेतकरी यांनाही उभें करून पाहा. पाटीवर नांव कोणाचें घालावें हें सत्ता ठरविते. तें नांव पुढें आदरानें घ्यावें कीं नाहीं हें मात्र ज्यांच्याशीं त्या माणसाचें काम पडलें तेच ठरवितात. तुमचें नांव कोणत्या पाटीवर लागो वा न लागो, हा दुसरा निवाडा तुमच्या बाजूनें लागावा, एवढीच आमची इच्छा आहे.