साने गुरुजी: पालगडचा ‘श्याम’ मोठा कधी झाला? आईच्या पुस्तकामागचं आयुष्य

‘श्यामची आई’ म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक, एवढीच अनेकांची आठवण असते. पण ही एका मुलाच्या मोठं होण्याचीही गोष्ट आहे. ती लिहिणाऱ्या पांडुरंग सदाशिव साने यांचं आयुष्य पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं.

बालपण कसं होतं?

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड गावी झाला. घराणं खोतांचं. एकेकाळी बऱ्या स्थितीतलं हे घर पुढे कर्जात बुडालं. शिक्षणासाठी मुलाला घर सोडावं लागलं. औंध, मग पुणे असा प्रवास झाला. १९१७ मध्ये आई यशोदाबाई गेल्या, तेव्हा मुलगा जवळ नव्हता.

पुस्तक कधी लिहिलं?

गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकही काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढलं. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.

श्यामचं निरागसपण कुठे संपतं?

पुस्तकात ४२ रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज एक आठवण सांगतो. सुरुवातीच्या आठवणी छोट्या चुकांच्या आहेत. पोहायला घाबरणं, कळ्या तोडून आणणं. चूक झाली की आई समजावते आणि सगळं पुन्हा जागेवर येतं.

शेवटाकडे मात्र चूक श्यामची नसते आणि आईच्या हातातही काही नसतं. सावकाराचा माणूस वसुलीसाठी दारात येतो, आईचा अपमान होतो. घर जाणार हे कळतं. आपली आईसुद्धा सगळं सावरू शकत नाही, हे मुलाला इथे समजतं. श्यामचं बालपण संपतं ते या जाणिवेपाशी. नंतर तो घरी पोहोचतो, तेव्हा आई गेलेली असते.

आईच्या एक पाऊल पुढे

पुस्तकातला एक प्रसंग महत्त्वाचा आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या एका म्हातारीला लाकडांची मोळी डोक्यावर घेता येत नसते. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता आई श्यामला मदतीला पाठवते. मात्र घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. तिची माया मोठी होती, पण त्या काळाची चौकट तिलाही पूर्ण मोडता आली नव्हती.

ती मोडायचा प्रयत्न मुलाने केला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केलं. मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर ते सुटलं. आईची शिकवण त्यांनी नाकारली नाही, फक्त तिच्यातली आंघोळीची अट काढून टाकली. आई-वडिलांचं चांगलं ते घेऊन त्यांच्या पुढे जाता येतं, याचं याहून साधं उदाहरण सापडणं अवघड आहे.

शेवटची वर्षं

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. इतरांचं दुःख आपलं मानणारा तो हळवा मुलगा त्यांच्यात शेवटपर्यंत होता. मोठं होताना मन कठोर करणं त्यांना जमलं नाही.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर चित्रपट काढला. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

लहानपणी हे पुस्तक वाचलं असेल, तर आता शेवटच्या काही रात्री पुन्हा वाचा. तेव्हा आईसाठी रडू आलं असेल, या वेळी लक्ष श्यामकडे जाईल.