मर्ल ओबेरॉन : पडद्यावरील यश आणि दडवलेली जन्मभूमी

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना एक प्रश्न आपण सतत मनात बाळगायला हवा. व्यक्तीने स्वतःविषयी सांगितलेली हकिकत आणि कागदोपत्री आढळणारी हकिकत यांत अंतर पडले, तर चरित्रकाराने त्या अंतराकडे कसे पाहावे? हॉलिवूडच्या प्रसिद्ध अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांचे जीवन या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईत जन्मलेल्या या अभिनेत्रीने आपली जन्मभूमी आयुष्यभर जगापासून लपवली.

जन्म आणि बालपण

मर्ल यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. त्यांचे मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन. वडील ब्रिटिश होते. शार्लट सेल्बी या मिश्र वंशाच्या, मूळच्या श्रीलंकेतील स्त्रीने त्यांना आई म्हणून वाढवले. जन्मनोंदीत मात्र आई म्हणून शार्लट यांची अल्पवयीन मुलगी कॉन्स्टन्स हिचे नाव आहे. म्हणजे ज्यांना जग मर्ल यांची आई समजत होते, त्या वस्तुतः आजी होत्या. एका दडवादडवीत हे जीवन सुरू झाले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

पुढे हे कुटुंब कलकत्त्यास गेले. तेथील ला मार्टिनियर शाळेत मर्ल यांना प्रवेश मिळाला. पण मिश्र वंशामुळे सहाध्यायांची टोचणी सोसावी लागली आणि शाळा सुटली. ब्रिटिश राजवटीत अँग्लो-इंडियन समाजाची स्थिती विलक्षण अवघड होती. गोरे त्यांना आपले मानत नसत आणि भारतीय समाजही त्यांना परकेच समजे. कलकत्त्याच्या हौशी नाट्यसंस्थेत मर्ल यांना अभिनयाची गोडी लागली.

इंग्लंड आणि हॉलिवूड

१९२८ च्या सुमारास त्या इंग्लंडला गेल्या. किरकोळ भूमिका करीत असताना निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९३३ मध्ये राजा आठवा हेन्री याच्यावरील चित्रपटात त्यांनी ॲन बोलीनची छोटी भूमिका केली आणि त्या प्रकाशात आल्या. याच काळात प्रसिद्धीसाठी त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर झाल्याची कथा रचली गेली. बेट दूरचे, तेथून कोणी शहानिशा करण्याची शक्यता कमी!

ही कथा का आवश्यक वाटली? अमेरिकेत १९३४ पासून कठोरपणे अमलात आलेल्या चित्रपट-नियमावलीने वंशावंशांतील प्रेमसंबंधांच्या चित्रणावर बंधने घातली होती. मिश्र वंश उघड झाला असता, तर गोऱ्या नायकांसमवेत प्रमुख भूमिका मिळणे जवळजवळ अशक्य झाले असते. म्हणून या असत्याचा विचार करताना आपण केवळ व्यक्तीच्या स्वभावाकडे न पाहता त्या काळच्या व्यवस्थेकडेही पाहिले पाहिजे.

‘द डार्क एंजल’ (१९३५) या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. विल्यम वायलर दिग्दर्शित ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९) मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासमवेत त्यांनी साकारलेली कॅथी ही त्यांची सर्वाधिक स्मरणात राहिलेली भूमिका होय. त्याच वर्षी त्यांनी कोर्डा यांच्याशी विवाह केला.

यशाची किंमत

१९३७ मध्ये लंडनमधील मोटार अपघातात त्यांच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि सुरू असलेला ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट कायमचा बंद पडला. पुढे छायाचित्रकार ल्यूसियन बॅलार्ड यांनी चेहऱ्यावरील व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याजवळ बसवता येईल असा दिवा तयार केला. मर्ल यांच्या नावावरून तो ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. १९४५ मध्ये कोर्डा यांच्यापासून घटस्फोट घेऊन त्यांनी बॅलार्ड यांच्याशी विवाह केला.

अपघाताच्याच वर्षी शार्लट यांचे निधन झाले. लंडनच्या घरी त्या मर्ल यांच्यासोबत राहत. परंतु पाहुण्यांसमोर त्यांची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे सांगितले जाते. वाढवणाऱ्या स्त्रीला स्वतःच्याच घरात परके व्हावे लागावे, ही या जीवनातील सर्वांत करुण बाब होय.

अखेर

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट शहराने आपली कन्या म्हणून त्यांचे स्वागत केले. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्राने त्यांचे मुंबईशी असलेले नाते जगासमोर आणले.

समारोप

मर्ल ओबेरॉन यांना खोटे बोलणारी स्त्री म्हणून दोषी ठरवणे सोपे आहे. परिस्थितीचा बळी म्हणून त्यांना निर्दोष ठरवणेही तितकेच सोपे आहे. चरित्रकाराने या दोन्ही टोकांपासून दूर राहावे. त्यांनी निवड केली, आणि त्या निवडीची किंमत त्यांच्याइतकीच शार्लट यांनीही मोजली. जीवनाचा असा उलगडा करताना पुरावा आणि सहानुभूती या दोहोंची गरज असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मर्ल ओबेरॉन यांनी जन्मस्थान लपवण्यामागील सामाजिक कारणे स्पष्ट करा.
२. चरित्रनायकाने दडवलेले सत्य चरित्रकाराने उघड करावे का? आपले मत सकारण लिहा.